टाच माझी, तळवे आत्यांचे: सोलापुरात घेतलेल्या सँडलच्या जोडांबद्दल

मी कडक भाकरी करून विकते. घरीच, जुळे सोलापुरात. पहाटे साडेचारला उठायचं, पीठ चाळायचं, पाचच्या आत पहिली भाकरी तव्यावर पडली पाहिजे. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, मदतीला दोघी जणी, आणि सणासुदीला दिवसाला अडीचशे-तीनशे भाकरी. सँडलबद्दल लिहिताना हे आधी सांगायला हवं. माझी टाच कशानं दुखायला लागली ते कळलं नाही, तर मी कोणता जोड का घेतला तेही कळायचं नाही.

पूर्वी मी चुलीपुढं बसून भाकरी करायचे. चार वर्षांपूर्वी ऑर्डरी वाढल्या, ह्यांनी मागच्या खोलीत ओटा बांधून दिला, दोन मोठ्या शेगड्या बसवल्या, आणि मी उभी राहिले. खाली शहाबादी फरशी, पाय अनवाणी, रोज पाच-सहा तास. वर्ष होतंय न होतंय तोच सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की उजव्या टाचेत दाभण खुपसल्यासारखं व्हायला लागलं. पंधरा-वीस पावलं भिंत धरून चालायचं, मग जरा सैल पडायचं. दुपारी जेवून उठलं की पुन्हा तेच. लोणी चोळलं, गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकलं, वेदनेची गोळी घेतली. गोळीचा असर उतरला की टाच होती तिथंच.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बोटानं टाचेच्या आतल्या बाजूला एक जागा दाबली आणि मी ओरडलेच. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, तो पायाची कमान धरून ठेवतो. त्या पट्ट्याचं दुखणं म्हणजे प्लांटर फॅसायटिस. रात्रभर पाय ढिला असतो तेव्हा पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून पहिलं पाऊलच सगळ्यात वाईट. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला टोक आलेलं दिसत होतं. ते बघून शेजारच्या काकूंनी ऑपरेशनपर्यंत मजल नेली होती. डॉक्टर म्हणाले, असं टोक कितीतरी जणांना असतं आणि त्यातल्या पुष्कळांना काहीच दुखत नाही, फोटो बघून घाबरू नका. व्यायाम करा, वजन जरा उतरवा, पायात आधार देणारं काहीतरी घाला, आणि अनवाणी चालू नका.

"घरातसुद्धा?" मी विचारलं.

"घरातच. तुम्ही उभ्या कुठं असता?"

हे मला पटायला वर्ष गेलं. तोवर मी फक्त बाहेरची सँडल शोधत होते.

पहिला जोड मी घाईत घेतला. दुकान कुठलं ते सांगत नाही, पाटीवर मोठ्या अक्षरात 'ऑर्थो' लिहिलेलं होतं. आत मेमरी फोम, बोट दाबलं की ठसा उमटायचा आणि हळूहळू भरून यायचा. पाय घातला तर डोळे मिटावेत इतकं बरं वाटलं. नऊशे रुपये दिले. दोन महिन्यांत टाचेखालचा फोम चपटा झाला, आतली कड खचली, पाऊल आत कलायला लागलं आणि टाचेच्या जोडीला उजवा गुडघाही कुरकुरू लागला. मऊपणा वेगळा आणि आधार वेगळा, हे मला तेव्हा कळलं. कंबर दुखणाऱ्याला आपण खोल गादी देत नाही, घट्ट अंथरूण देतो, तसंच पायाचं आहे. त्यानंतर मी दुकानांत मुद्दाम बघत गेले. पट्ट्यावर ऑर्थो, डॉक्टर, कम्फर्ट असं काहीबाही छापलेलं असतं, पण त्यातल्या निम्म्या जोडांत आत हात फिरवला तर तळ सपाट, कमान नावालाही नाही.

मध्ये एक ऑनलाइनही मागवून बघितला. आपल्याकडचे नंबर इंग्लंडच्या मापाचे असतात आणि युरोपचा आकडा वेगळाच चालतो. आपला सहा तिकडं एकोणचाळीसच्या आसपास जातो, पण कंपनीगणिक थोडं इकडं-तिकडं होतं. लांबीला आला, रुंदीला करंगळी बाहेर. परत पाठवला. पायाचं दुखणं असलेल्या माणसानं पहिला जोड तरी हातात घेऊन, पायात घालून, फरशीवर चालून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तोच जोड पुन्हा घ्यायचा असेल तेव्हा घरबसल्या मागवायला हरकत नाही.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. ती जर्मनीच्या बिर्केनस्टॉकची कॉर्कच्या तळव्याची सँडल घालते. दिवाळीत आली तेव्हा मी तिच्या सँडलीत संध्याकाळभर चालून बघितलं. टाच बसायला खोल वाटी, कमानीखाली उठाव, बोटांच्या मुळाशी आडवी उंचवटी. किंमत माझ्या आवाक्यातली नव्हती, आणि कॉर्क भिजू द्यायचा नसतो, माझ्या कामात तर फरशीवर रोज पाणी. पण त्या एका संध्याकाळी माझ्या पायाला काय हवंय ते मला समजलं. दुकानात जाऊन काय मागायचं हेच तोवर माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट घरच्या घरी केली, ती तुम्हीही करा. पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवा, उचला आणि ठसा बघा. माझा ठसा भरलेला आला, टाचेपासून बोटांपर्यंत मधे खाच जवळजवळ नाहीच. म्हणजे कमान बसकी. ह्यांचा ठसा मधे अगदी बारीक, म्हणजे कमान उंच. एका घरात दोन तऱ्हा, तर एकाच सँडलीनं दोघांचं कसं भागायचं? ठसा म्हणजे तपासणी नव्हे, डॉक्टर बघतील ते वेगळं. पण दुकानात बोलायला धागा मिळतो.

आता नवी पेठेतल्या दुकानाबद्दल. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं जाऊन भलताच जोड उचलून आणलात तर त्या नावाचा काय उपयोग, आणि तिथं जे बघितलं जातं ते तुमच्या गावच्या दुकानात बघून घेता आलं तर सोलापूरपर्यंत यायचीही गरज नाही. मी गेले सकाळी अकराला. दुकानदार काका पायाकडं बघून म्हणाले, "अक्का, आत्ता घेऊ नका. संध्याकाळी सहानंतर या, दिवसभर उभं राहून झाल्यावर." गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. दिवसभरात पाऊल सुजतं, थोडं पसरतं. सकाळच्या मापानं घेतलेली सँडल संध्याकाळी चावते.

संध्याकाळी त्यांनी जुन्या बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा खाली टाकला, मला त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं आणि पेन्सिलीनं पाऊल आखलं. उजवं पाऊल डाव्यापेक्षा ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं लांब निघालं. जोड मोठ्या पायाच्या मापानं घ्यायचा आणि लहान पायाचा पट्टा आवळायचा. माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, म्हणून पुढची जागा त्या बोटापासून मोजायची, साधारण अर्ध्या बोटाच्या जाडीएवढी मोकळी ठेवायची. ही एवढी साधी गोष्ट सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती.

मग त्यांनी सहा जोड काढले आणि पायात घालण्याआधी हातात दिले. "आधी पिळून बघा," म्हणाले. सोलापूरच्या माणसाला ओला टॉवेल पिळायला शिकवावं लागत नाही. दोन हातांनी टाच आणि टोक धरून उलटसुलट पिळायचं. टॉवेलासारखी पिळली गेली तर ती सँडल पायाला काय धरून ठेवणार? मग वाकवायची. बोटं जिथं वाकतात तिथंच सँडल वाकली पाहिजे. बरोबर मधोमध, कडक भाकरी मोडावी तशी मोडत असेल तर ठेवून द्यायची, कारण त्याच जागी कमान असते आणि तिथं पायाला टेकू हवा. टाचेखाली अंगठा जोरात रोवायचा. थोडा दबून लगेच वर आला तर ठीक, तळापर्यंत गेला तर दोन महिन्यांत आमच्या मेमरी फोमची गत. शेवटी सपाट काउंटरवर ठेवून बघायची, डुगडुगता कामा नये. सहातल्या तीन तिथंच बाद झाल्या.

उरलेल्या तीन घालून चालायची वेळ आली तेव्हा त्यांनी समोरचा गालिचा गुंडाळून बाजूला केला. गालिच्यावर कुठलीही चप्पल मऊच लागते. दुकानाबाहेरच्या कडाप्प्याच्या पायरीवर आणि खालच्या रस्त्यावर मी दहा मिनिटं ये-जा केली. कुणी घाई केली नाही.

घेतली ती अशी: तळ पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनच्या फोमचा, टाचेकडं साधारण तीन सेंटिमीटर आणि पुढं दोन, म्हणजे टाच थोडीच वर. अगदी सपाट तळ टाचेच्या दुखण्याला बरा नाही आणि उंच टाच तर नकोच. आत टाचेला वाटी, कमानीला उठाव, वर सुती अस्तर. तीन पट्टे, तिन्ही वेल्क्रोचे, त्यातला एक टाचेमागून. मागचा पट्टा मी पूर्वी बिनकामाचा समजत होते. तो नसला की चप्पल पायात राहावी म्हणून बोटं प्रत्येक पावलाला आकडा करून धरतात, आणि त्या धरण्यानं तळव्याचा पट्टा दिवसभर ताणात राहतो. किंमत अठराशे पन्नास, सतराशेला दिली.

पहिला आठवडा अवघड गेला. कमानीखाली कुणी लिंबू ठेवलंय असं वाटायचं. काकांनी बजावलं होतं की पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत न्या, आणि आठ दिवसांनीही खुपत असेल तर उठाव तुमच्या पायाच्या जागेवर नाही असं समजून परत आणा. बाहेर घातलेली परत घेत नाहीत, म्हणून ते आठ दिवस मी ती घरातच, धुतलेल्या फरशीवर घातली. तिसऱ्या आठवड्यात सकाळची वीस पावलं पाचवर आली. पाच महिन्यांनी भिंत धरायचं थांबलं. हे सगळं सँडलीनं झालं असं मी म्हणणार नाही. पलंगावरून उतरायच्या आधी बसल्या बसल्या टॉवेल पायाच्या चवड्याला अडकवून स्वतःकडं ओढायचा, तीस आकडे मोजायचे, तीन वेळा. जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवून टाच खाली सोडायची, म्हणजे पोटरी ताणते. रात्री बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायचा. हे एक दिवस चुकवलं नाही. आणि घरातला जोड घेतला.

तक्रारीही सांगते. वेल्क्रोत पीठ जाऊन बसतं आणि आठवड्यातून एकदा जुन्या दातघासणीनं साफ केलं नाही तर ते धरत नाही. साडीचा फॉल त्यात अडकतो, माझ्या दोन इरकली साड्यांचे काठ उसवले. रंग दोनच, काळा आणि तपकिरी, आणि रुंद पायाच्या बायकांसाठी माप पुरुषांच्या कप्प्यातून काढून द्यावं लागतं. ते काढून देतात, पण मुळात बायकांच्या मापात का बनवत नाहीत? वीस-बावीस वर्षं उभं राहून काम केलेल्या बाईचं पाऊल रुंद होणारच. ओल्या फरशीवर तळ थोडा सरकतो. आठव्या महिन्यात मागच्या पट्ट्याची शिवण सुटली, ती चौकातल्या चर्मकार काकांनी तीस रुपयांत दुहेरी घालून दिली, अजून शाबूत आहे. रविवारी नवी पेठेत जाऊ नका, गर्दीत तुमच्या पायाकडं बघायला कुणाला वेळ नसतो.

कोल्हापुरीबद्दल बरेच जण विचारतात, कारण मी ती आयुष्यभर घातली. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आणि आपला सोलापूर जिल्हा त्यातला एक. ती कला मला प्रिय आहे. पण तिचा तळ सपाट आणि टणक, मागं पट्टा नाही, अंगठ्यावर सगळी पकड. धड पायाला ती शोभते. माझ्या पायाला आता लग्नात तासभर.

घरातल्या जोडावरून घरात वाद झाला. पाचशे रुपयांचा ईव्हीएचा, म्हणजे हलक्या फोमसारख्या प्लास्टिकचा जोड, धुता येणारा, आत वाटी आणि उठाव असलेला. मी तो घालून ओट्याशी उभी राहिले आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच थांबल्या.

"अगं, अन्न शिजतंय तिथं. पायात काय घातलंयस?"

"आत्या, नवीन आहे. उंबऱ्याबाहेर गेलेली नाही, जाणारही नाही."

"चप्पल ती चप्पल."

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या घरात तीन पिढ्या कुणी स्वयंपाकघरात पायताण घातलं नव्हतं. मी आठ दिवस काढून ठेवली. टाच पुन्हा पेटली. मग ओट्यापुढं जाड रबरी मॅट टाकून बघितली, तिनं उभं राहणं सोपं झालं, पण इकडून तिकडं चालणं तसंच राहिलं. शेवटी मी पुन्हा घातली, आणि आत्या माझ्याशी चार दिवस मोजकंच बोलल्या. हा वाद ज्या गोष्टीनं मिटला ती झाली नसती तर फार बरं झालं असतं.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या. शुगर अठरा वर्षांपासून. चैत्राचे दिवस, गच्चीवर कुरडया घातलेल्या. सोलापूरचं ऊन, त्रेचाळीसच्या पुढं गेलेलं. दुपारी एकच्या सुमारास त्या वर गेल्या आणि तापलेल्या कोब्यावर अनवाणी उभ्या राहून त्यांनी सगळ्या कुरडया उलटल्या. वीस मिनिटं तरी लागली असतील. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तर शहाबादी फरशीवर एका पायाचे ओले ठसे. मला वाटलं पाणी सांडलंय. वाकून बघितलं तर ते पाणी नव्हतं. डाव्या चवड्याखाली मोठा फोड आलेला, फुटलेला, कातडी लोंबत होती.

"आत्या, पायाला काय झालं?"

"कुठं काय झालंय?"

त्यांना काही जाणवलंच नव्हतं. ते वाक्य आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

जखम भरायला नऊ आठवडे लागले. शुगरच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसर धागा पावलाला ठिकठिकाणी टेकवला. धागा वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो, तेवढं कळलं पाहिजे. दहापैकी सहा ठिकाणी आत्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. भाजी आणायला गेलेल्या आत्या एकाच पायात चप्पल घालून परत आल्या होत्या, दुसरी वाटेत निघून गेलेली. आम्ही म्हातारपणचा विसर म्हणून सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, तो विसर नव्हता, पाय बधिर झाल्याची खूण होती. तुमच्या घरात शुगर असलेल्या कुणाच्या पायातून चप्पल न कळता निसटत असेल तर आधी डॉक्टरांकडं जा, सँडलचं नंतर बघू.

माझ्या पायाला जे हवं ते आत्यांच्या पायाला चालत नाही, हे तेव्हा समजलं. मला दुखतं, म्हणून खुपलं की मी सँडल काढते. त्यांना खुपत नाही, म्हणून सँडलीनंच त्यांची काळजी घ्यायची. अंगठ्याची चप्पल बंद, कारण दोन बोटांमधली कातडी तिथं घासते आणि कळत नाही. कमानीला टणक उठाव नको, तिथंच दाब पडून जखम होते. पुढचा भाग रुंद, आत शिवणीचा दोरा किंवा खिळ्याचं डोकं लागता कामा नये. वरचा थर मऊ एमसीआरचा, म्हणजे बारीक बारीक पोकळ्यांच्या रबराचा, आणि खाली चिवट टणक तळ, बाभळीचा काटा आरपार येणार नाही असा. मागं पट्टा हवाच.

हे रबर आपल्याकडं कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी फार वापरलं गेलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी बधिर झालेल्या पायांवर कित्येक वर्षं काम केलं आणि दाखवून दिलं की ते पाय रोगानं झडत नाहीत, दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या जखमांनी खराब होतात. शुगरच्या पायाचंही तसंच. आमच्या गल्लीत एकीनं आत्यांची चप्पल बघून "ही तर महारोग्यांची" असं म्हटलं. आत्यांनी ऐकलं आणि दोन दिवस ती घातली नाही. मी त्या बाईंकडं जाऊन स्पष्ट सांगितलं, की ज्या चपलेनं इतक्या लोकांचे पाय वाचले ती माझ्या सासूच्या पायात आहे याचा मला आनंद आहे. कुणाच्या पायातल्या औषधाला नाव ठेवू नका, एवढीच माझी विनंती आहे.

तो जोड दुकानात मिळाला नाही. कमरेचे पट्टे, पायाला आधार देणारे कॅलिपर करून देणाऱ्या एका लहानशा कारागिराकडं पाऊल आखून दिलं, आठ दिवसांनी तयार झाला, चौदाशे रुपये. त्यात त्यांनी एक गोष्ट केली: पट्टे चामड्याचे नाही घातले, कापडी अस्तराचे रेक्झिनचे घातले, कारण आत्यांनी "चामडं घरात नको" म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं दुसरा तसाच जोड घरात वापरायला करून घेता आला. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग काढून तळवे बघायचे. कुठं लाल डाग पडला आणि थोड्या वेळात गेला नाही, तर तिथं घासतंय. करंगळीजवळ पडला, कारागिरानं पट्टा सैल करून दिला, पैसे घेतले नाहीत. दिसायला जोड जड आणि ठोकळ्यासारखा आहे, आणि सहा-आठ महिन्यांत वरचं रबर दबतं, ते बदलून घ्यावं लागतं. मला त्याची तक्रार नाही, पण ही गोष्ट घेताना कुणी सांगितली नव्हती. घेणाऱ्यानं विचारून ठेवावी.

स्वयंपाकघराचा वाद असा मिटला. आत्या स्वतः म्हणाल्या, "घरातली घरात. पण देवघराच्या उंबऱ्याशी काढायची, तूही आणि मीही." तिथं आम्ही एक पाट ठेवलाय, बसून काढायला आणि घालायला. देवघरात त्यांच्यासाठी जाड सतरंजी.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा मला सगळ्यात घोर होता. तैलाभिषेकाला नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, अडुसष्ट लिंगांना जातात, आणि आत्या लग्न होऊन आल्यापासून जमेल तेवढं अंतर अनवाणी चालत आल्या. सिद्धरामेश्वरांवर त्यांची श्रद्धा आहे, तिथं मी काय बोलणार? मी काही बोलले नाही. या वर्षी त्या उत्तर कसब्यात नणंदेच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. नंदीध्वज आले तेव्हा सँडल काढल्या, सुती मोज्यांवर उभं राहून हात जोडले, काठ्या पुढं गेल्यावर खाली बसून पुन्हा घातल्या. देवळात आम्ही भल्या सकाळी जाऊन आलो, फरशी गार असताना. उन्हाळ्यात तलावाच्या कडेनं देवळात जाताना दुपारची वेळ शुगरवाल्यांनी टाळावीच.

उन्हाचं सँडललाही भोवतं. ईव्हीएचा जोड धुऊन मी मे महिन्यात गच्चीवर वाळत टाकला, संध्याकाळी पायात जाईना. उष्णतेनं तो आक्रसतो, सावलीतच वाळवायचा. पीयूचं उलटं दुखणं, ठेवून ठेवून खराब होतं. ह्यांचे लग्नकार्यापुरते घालायचे बूट कपाटात चार वर्षं होते, काढले तर तळ खडीसाखरेसारखा चुरा. हवेतल्या दमटपणानं पीयू आतून कुजतं, न वापरताही. म्हणून सेलमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून दोन जोड घेऊन एक ठेवून देऊ नका, आणि खोक्यावर छापलेला तयार झाल्याचा महिना आणि वर्ष वाचून घ्या.

कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या दोघी-तिघींनी माझ्या सँडलचं माप विचारलं होतं. पंचेचाळीस किलोमीटर आहे. कुठलीही सँडल घ्या, पण ती निदान महिनाभर आधी घ्या आणि रोज घालून तुमच्या पायाची करा. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी नवी कोरी घालून चालायला सुरुवात केली आणि तामलवाडीच्या पुढं त्या ती हातात घेऊन चालल्या.

माझा बाहेरचा जोड आता चौदा महिन्यांचा आहे. उजव्या टाचेची बाहेरची कड तिरकी झिजलीय, काउंटरवर ठेवला की डुगडुगतो, म्हणजे बदलायची वेळ आली. येत्या गुरुवारी संध्याकाळी सहानंतर जाणार आहे, आत्यांनाही घेऊन, त्यांच्या वरच्या रबराचं काम त्याच बाजूला आहे. रोज रात्री निजण्याआधी त्या दिव्याखाली बसून आपले दोन्ही जोड उपडे करून झटकतात आणि आत बोटं फिरवून बघतात. परवा त्यातून एक ज्वारीचा दाणा निघाला. त्यांनी तो मला दाखवला आणि डब्यात टाकला.